वारा पडलेले दिवस

माझी मावसबहीण शैला पुण्याला असते. गेल्या महिन्यात तिला डॉक्टरांनी दमा असल्याचं सांगितलं आणि तिने घाबरून मला फोन केला. "तू दोन वर्षं यातून काढलीस ना, मग काय काय होतं ते मला लिहून दे. काही लपवू नकोस," म्हणाली. लपवायचं नाही म्हटल्यावर मला एक गोष्ट सांगावीच लागेल, जी आजवर मी तिलाही सांगितलेली नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात जे बोलतो त्यात निम्मं तमिळ असतं, शैलाकडची मुलं त्याला हसतात. म्हणून इथे जमेल तितकं नीट मराठी लिहिते आहे, आणि तमिळमध्ये जे बोललं गेलं तेही मराठीतच देते आहे. मी तीस वर्षं तांबरमच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आता निवृत्त आहे. त्याच समुद्रकाठच्या शहरात, वेस्ट मांबलम भागात, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. घरात मी आणि माझे यजमान, मुकुंदराव. मी त्यांना नावाने हाक मारत नाही, पण लिहिताना तेच सोयीचं आहे.

पहिली सकाळ

महिनाभर खोकला होता. औषधाच्या दुकानातून बाटली आणायची, संपली की दुसरी आणायची, असं चाललं होतं. पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, इथे पहाटे घरातल्या जुन्या चटया, मोडक्या टोपल्या, फाटके कपडे दारासमोर जाळतात. लहानपणापासून पाहते आहे. त्या वर्षी त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. धुकं आणि धूर एकत्र होऊन रस्त्यावर बसून राहिले होते. समोरच्या इमारतीची गच्ची दिसत नव्हती.

सातच्या सुमाराला मी दूध घ्यायला दार उघडलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. लोक विचारतात, श्वास घेता येत नव्हता का? घेता येत होता. सोडता येत नव्हता. आत गेलेली हवा तिथेच अडकून बसली होती आणि तिच्यावर आणखी हवा भरायला जागा नव्हती. छातीतून मांजरीच्या पिल्लासारखा आवाज येत होता. मुकुंदराव आतून आले. मी एवढंच म्हणाले, "मूच्चु अडकतंय." आमच्या घरात श्वासाला तमिळ शब्दच आहे. त्यांनी चपलाही घातल्या नाहीत. मला रिक्षात बसवलं आणि तसेच अनवाणी हॉस्पिटलात आले. ते मला दुपारी कळलं, त्यांचे पाय पाहून.

चार दिवस

तोंडावर मास्क लावतात, त्यातून औषधाची वाफ येते, यंत्र घरघरत राहतं. वीस मिनिटांनी हात थरथरू लागतात, पण छाती सैल होते. शैला, हात थरथरतात त्याला घाबरू नकोस, ते औषधामुळे होतं आणि जातं. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मला वाटलं होतं की आता संपलं.

हॉस्पिटलात सकाळी साडेपाचला ताप बघायला येतात, सहाला कॉफी, सातला पुन्हा वाफ, मग इंजेक्शन, मग इडली, मग वाट पाहणं. दिवसभर वाटच पाहायची असते, कशाची ते कळत नाही. डाव्या हातात सलाईनची सुई होती, त्यामुळे केस विंचरता येईनात. दुसऱ्या दिवशी एक नर्स आपलं काम संपल्यावर पुन्हा आली, खिशातून कंगवा काढला आणि माझी वेणी घालून दिली. तिचं नावही मी विचारलं नाही. त्या चार दिवसांत मी एकदाच रडले, ते तेव्हा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर नित्या आल्या. तिशी-पस्तिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला एका नळीत फुंकायला लावलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या की हा दमा आहे. मी म्हटलं, या वयात कसा होईल, मी बासष्ट वर्षांची आहे. त्या म्हणाल्या की होतो, पुष्कळांना होतो. जाणार नाही, पण ताब्यात राहील. मग त्यांनी विचारलं की घरात किंवा घराजवळ धूर असतो का. मी नाही म्हणणार इतक्यात मुकुंदराव म्हणाले, "गेटसमोर इस्त्रीची गाडी आहे. कोळशाची."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि धुरापासून लांब राहा म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

सेल्वी

आमच्या गेटसमोर करंजाच्या झाडाखाली सेल्वी अठरा वर्षं इस्त्री करत होती. चाकांची गाडी, वर जाड चादर, आणि नारळाच्या करवंटीच्या कोळशावर चालणारी लोखंडी इस्त्री. सकाळी कोळसे पेटवून ती पुठ्ठ्याने वारा घालायची, तेव्हा पंधरावीस मिनिटं धूर व्हायचा, नंतर नाही. माझ्या कॉलेजच्या सगळ्या सुती साड्या तिच्याच हातच्या. मी स्टेशनकडे जाताना ती पदराकडे बघायची आणि चुणी दिसली तर तिथेच थांबवायची.

मी घरी आले त्या दिवशी ती गेटपाशी आली होती. मला ती, इमारतीतल्या सगळ्यांसारखीच, मामी म्हणायची. "मामी, तब्येत कशी आहे?" असं विचारताना तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी मान हलवली आणि तोंडावर पदर धरला, कारण गाडी पाच पावलांवर होती.

मुकुंदराव आमच्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सेल्वीची गाडी गेटसमोरून हटवावी, अशा पत्राचा मसुदा त्यांनी सभेत मांडायला केला आणि मला वाचून दाखवला. माझ्या आजाराचा उल्लेख होता, डॉक्टरांचा होता, इमारतीतल्या म्हाताऱ्यांचा होता. "तुमी काय म्हणता? देऊ ना?" त्यांनी विचारलं. मी सोफ्यावर वाफेचा मास्क लावून बसले होते. मास्क बाजूला करून मी म्हणाले, "तुमाला योग्य वाटेल ते करा."

हे वाक्य मी बोलले. मसुदा त्यांचा होता, पण माझं नाव पुढे केल्यावर कोण नाही म्हणणार होतं? आठवडाभरात गाडी गेली. जाण्याआधी सेल्वी आमच्याकडच्या तीन साड्या घेऊन वर आली. तिचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला. मी जागी होते. उठले नाही.

बरे महिने

मार्चपासून मला बरं वाटू लागलं. एप्रिल, मेमध्ये तर मी स्टेशनपर्यंत चालत जाऊ लागले. इमारतीतले लोक म्हणायचे, बघा, धूर गेला आणि मामी बऱ्या झाल्या. मुकुंदरावांना ते ऐकून जे समाधान वाटायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मलाही तसंच वाटत होतं. वाटून घेणं सोपं होतं.

घरात मात्र सगळं सरळ नव्हतं. मुकुंदरावांनी उदबत्ती बंद केली, फोडणीत मिरची बंद केली, खिडक्या बंद केल्या. मी न्हाणीघरात गेले की दाराबाहेर उभे राहून माझा श्वास ऐकायचे. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला जायचं नाही, तिथे होमाचा धूर असतो, असं त्यांनी परस्पर कळवून टाकलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले. मी म्हटलं की तुम्ही मला आजारी माणसासारखं नाही, काचेच्या सामानासारखं वागवता. संध्याकाळी त्यांनी एक खिडकी उघडली. भीती दोघांनाही होती, फक्त मला छातीत व्हायची आणि त्यांना कानात.

डॉक्टर नित्यांनी मला घरी फुंकायला एक नळी दिली होती. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि आकडा दिसतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा लिहून ठेवायचं. शैला, ही नळी तू आजच घे. मला नोंदी ठेवायची सवय, त्यामुळे मी आकड्यापुढे आणखीही लिहू लागले. गच्चीवर वाळत घातलेली साडी हलते की नाही. आकाश निळं की पांढरं. पाऊस. इस्त्रीची गाडी गेल्याची तारीखही मी लिहिली होती, लाल शाईने.

सहा खुर्च्या

ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला. समुद्रावरून वारा येत होता, हवा धुतल्यासारखी होती, माझे आकडे छान होते. नोव्हेंबर संपता संपता बंगालच्या उपसागरात वादळ आलं. इथे तीन दिवस पावसाने झोडपून गेलं आणि किनाऱ्याने वर उत्तरेकडे सरकलं. सगळे म्हणाले, वाचलो.

वादळ गेलं आणि त्याच्याबरोबर वारापण गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस नाही, ढगही नाहीत, पण आकाश निळं नव्हतं. दुधात पाणी घातल्यासारखं पांढुरकं. गच्चीवरची साडी दिवसभर जागची हलली नाही. संध्याकाळचा आकडा पन्नासने खाली आला. मी तो लिहिला आणि मुकुंदरावांना सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मांजरीचं पिल्लू.

हॉस्पिटलात वाफ द्यायची एक वेगळी खोली आहे. भिंतीला लागून सहा खुर्च्या. मागच्या वेळी मी तिथे एकटी होते, कारण सणाच्या दिवशी लोक दुखणं अंगावर काढतात आणि घरातच थांबतात. या वेळी सहाही खुर्च्या भरलेल्या होत्या आणि मला बसायला बाहेरून स्टूल आणलं. मास्क लावला की बोलता येत नाही, माणसं नुसती एकमेकांकडे बघतात. वाफ संपली की एकेक जण बोलायचा. तांबरमचा एक बस कंडक्टर होता. एग्मोरच्या कुठल्याशा हॉटेलात काम करणारी एक मुलगी होती, तिला पहिल्यांदाच झालं होतं आणि ती घाबरली होती. पेरंबूरचे एक आजोबा. एक बाळंतीण. कुणी कुणाच्या आसपास राहणारं नव्हतं. मी प्रत्येकाला एकच विचारलं, कधीपासून? आणि प्रत्येक जण म्हणाला, परवापासून.

आजोबा म्हणाले की त्यांच्या शेजारी कुणीतरी कचरा जाळतं, त्यानेच झालं. कंडक्टर म्हणाला, बसचा धूर. मुलगी म्हणाली, हॉटेलात रंगकाम चाललंय त्याचा वास. मी मास्क पुन्हा तोंडावर धरला. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. आमच्या गेटसमोरची इस्त्रीची गाडी दहा महिन्यांपूर्वी गेली होती.

मुकुंदराव दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं

दुसऱ्या दिवशी मी वही डॉक्टर नित्यांना दाखवली. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि सगळी पानं पाहिली. त्या म्हणाल्या की वादळ समुद्रात जातं तेव्हा त्याच्यात हवा वर चढते, आणि त्याच्या आजूबाजूला तीच हवा खाली बसते. आपण त्या खाली बसणाऱ्या हवेखाली सापडलो. डब्यावर झाकण बसावं तसं. शहर रोज जेवढा धूर करतं तेवढाच करत होतं, पण तो वर जाईना की बाजूला सरकेना. शिवाय वर जो हलका वारा उरला होता त्याची दिशा वादळाने फिरवली. समुद्रावरून यायचा तो जमिनीवरून, उत्तरेकडून येऊ लागला, आणि वाटेतल्या गावाशहरांचा धूर बरोबर घेऊन आला. भोगीच्या सकाळचं म्हणाल तर तिथे थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, म्हणजे दुसरं झाकण. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी समुद्रावरचा वारा आत शिरतो, तो सगळं झाडून नेतो.

मी लाल शाईची तारीख दाखवली. गाडी गेली आणि त्यानंतर सहा आठवडे माझे आकडे तसेच खाली होते. वर चढले ते मार्चच्या मध्यावर, साडी हलू लागल्यावर. इतके दिवस ते माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं.

"म्हणजे कोळशाचा काही दोष नव्हता?" मी विचारलं.

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कोळसा वाईटच. पेटवताना तुम्ही जवळ उभं राहू नका. पण दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तुम्हाला इथे आणलं ते त्या गाडीने नाही. त्या कोळशापाशी रोज आठ तास कोण उभं होतं?"

उत्तराला त्या थांबल्या नाहीत, त्यांना पुढच्या खाटेकडे जायचं होतं.

घरी

घरी आल्यावर मी मुकुंदरावांना म्हटलं की सेल्वीला शोधलं पाहिजे. ते म्हणाले की डॉक्टरच कोळसा वाईट म्हणाल्या, मग आपलं काय चुकलं? मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही.

"मी तुमच्यासाठी केलं," ते म्हणाले.

"माहीत आहे. मी पण होकार दिला. आपण दोघांनी केलं."

संध्याकाळी कॉफी घेताना त्यांनी वही उघडलेली मला दिसली. बोट ठेवून ते एकेक ओळ वाचत होते, ऑफिसात फाईल वाचायचे तसे. वही मिटून म्हणाले, "दुधवालीला ठाऊक असेल ती कुठे असते. मी पण येतो."

तांबरम

सेल्वी तांबरम स्टेशनच्या मागे एका लॉन्ड्रीत कामाला होती. आम्ही मांबलमहून रेल्वेने गेलो. लांबट खोली, तीन विजेच्या इस्त्र्या, वर पंखा. आम्हाला पाहून ती इस्त्री उभी करून बाहेर आली. नमस्कार केला, मुकुंदरावांनाही. ती वाळली होती.

मी जे ठरवून आले होते ते सगळं सांगितलं. की माझा दमा तिच्या गाडीमुळे नव्हता, आम्ही चुकलो, सोसायटीशी मुकुंदराव बोलतील, तिने परत यावं, गॅसवर चालणारी इस्त्री मिळते ती बघू. ती ऐकत राहिली.

"नाही मामी," ती म्हणाली. "गाडी विकली. इथे डोक्यावर छप्पर आहे."

मग म्हणाली, "खाली येऊन मला सांगितलं असतं, सेल्वी, मला त्रास होतो, तर मी गाडी पलीकडच्या वळणावर नेली असती. मला कळलं ते सोसायटीच्या कागदावरून."

आवाज चढवला नाही तिने. मुकुंदराव खाली बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "माझी चूक झाली, अम्मा." त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाईला ते अम्मा म्हणाले.

सेल्वीने मान हलवली आणि तिला खोकला आला. पाठ वळवून, भिंतीला हात लावून ती खोकत राहिली. शेवटी तोच, मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला. तो मला कुठेही ओळखता आला असता. अठरा वर्षांत तिचा खोकला मी किती वेळा खिडकीतून ऐकला असेन, आणि तो रस्त्याचा आवाज म्हणून सोडून दिला असेन.

माझ्या पिशवीत नळी होती, ती नेहमीच असते. मी तिचं फुंकायचं टोक पुसून, त्यावर पुठ्ठ्याचं नवं टोक बसवून ती सेल्वीच्या हातात दिली आणि कसं फुंकायचं ते दाखवलं. तिला हसू आलं, पण तिने फुंकलं. तीनदा. माझ्या वाईट दिवसाच्या आकड्याहूनही तिचा आकडा खाली होता. आणि तेही तिच्या लेखी ती बरी असताना.

ती डॉक्टरकडे यायला सहज तयार झाली नाही. रजा मिळत नाही म्हणाली, काही होत नाही म्हणाली. मुकुंदराव आत जाऊन लॉन्ड्रीच्या मालकाशी बोलले. पुढच्या मंगळवारी ती आली. डॉक्टर नित्यांनी तिच्या छातीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ठेवला. तिचा आजार माझ्यापेक्षा वेगळा आणि जुना आहे, त्यातलं काही भरून येणार नाही. पण औषधाने तिला आता जिने चढता येतात. दर दोन महिन्यांनी आम्ही दोघी एकाच दिवशी जातो. ती मला पूर्वीसारखी मैत्रीण मानते का, ते मला माहीत नाही. मी विचारत नाही.

शैला, तुला सांगायचं ते

इनहेलर घेतल्यावर चूळ भर. लाजू नकोस, चारचौघांत घे. आकडे लिही. आणि त्रास वाढला की खिडकीतून जे दिसतं त्यावर लगेच बोट ठेवू नकोस. आधी वर बघ, आकाश कसं आहे, वारा आहे का. तुझ्या पुण्यात समुद्र नाही, तिथे डोंगरांमध्ये थंडीच्या सकाळी हवा बसून राहत असेल. ते तू बघ आणि मला कळव.

गेल्या जानेवारीत एका सकाळी साडेसहाला फोन वाजला. मुकुंदरावांनी उचलला आणि मला दिला. सेल्वी होती. इतक्या दिवसांत तिने आपण होऊन फोन केला नव्हता, वेळ ठरवायची तर मीच करायची.

"मामी, खिडक्या लावून घ्या," ती म्हणाली. "इथे समोरची टाकी दिसत नाहीये. वारा पडलाय."

मी विचारलं की तू काय करणार आहेस.

"ऊन चढल्यावर निघेन. मालकाला सांगितलंय, अशा दिवशी मी दहानंतर येणार. आधी त्याला पटेना. मग त्याला माझ्या नळीत फुंकायला लावलं आणि दोघांचे आकडे दाखवले."

मुकुंदराव माझ्याकडे बघत होते. मी त्यांना खूण केली, आणि ते एकेक खिडकी लावत गेले.